घाटातला नवखा दुचाकीस्वार : एक आढावा

पक्कं लायसन्स हातात पडल्यावर पहिला घाट कधी चढावा, याबद्दल आपला कायदा काही सांगत नाही. आरटीओच्या सपाट मैदानात आठचा आकडा काढून दाखवलेला अठरा वर्षांचा मुलगा लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात मित्राला मागे बसवून भर पावसात वरंधा घाट उतरायला निघाला, तरी तो कुठलाही नियम मोडत नसतो. दरवर्षी जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की ताम्हिणी, माळशेज, आंबोली, पसरणी या रस्त्यांवर दुचाक्यांची रीघ लागते. त्यातल्या कित्येकांचा तो पहिलाच घाट असतो. त्यांच्या जिवाची काळजी नेमकी कुणी आणि कशी घ्यायची, यावर वाहतूक पोलीस, रस्ते अभियंते, प्रशिक्षक, बायकर मंडळी आणि डॉक्टर यांच्यात एकमत नाही. कुणी म्हणतं नीट शिकवा, कुणी म्हणतं गाडी सुधारा, कुणी रस्त्याकडे बोट दाखवतं, तर कुणी सरळ बंदी मागतं. या चारही म्हणण्यांमागे पुरावा किती आहे आणि तो सह्याद्रीत कितपत लागू पडतो, हे इथे पाहायचं आहे.

घाट तेच, गाडी बदलली

आपले जुने घाटरस्ते दुचाकी डोळ्यांपुढे ठेवून आखलेले नाहीत. बोरघाटातून चाकांची वाहतूक १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात सुरू झाली, ती बैलगाड्या आणि लष्करी सामानासाठी. पुढे डांबर पडलं, रस्ते रुंद झाले, कठड्यांच्या जागी लोखंडी पट्ट्या आल्या. पण वळण कुठे आणि किती आवळायचं हे बऱ्याच ठिकाणी डोंगराने ठरवलं तेच राहिलं.

बदलली ती गाडी. बजाज चेतकवर घाट उतरणाऱ्या पिढीला एक नियम पाठ होता : ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ट्रकवाल्यांची ही शिकवण वडिलांकडून मुलाकडे, मेकॅनिककडून गिऱ्हाइकाकडे जात राहिली आणि तिने पुष्कळ जीव वाचवले असणार. २००१च्या सुमारास दोन गाड्यांनी हे चित्र पालटलं. पल्सरने तरुणाच्या हातात आधीच्या शंभर सीसीपेक्षा कितीतरी जास्त ताकद दिली, आणि ॲक्टिव्हाने गिअरच नसलेली स्कूटर घरोघरी नेली. आज घाटात दिसणाऱ्या स्कूटरवर वडिलांचा नियम पाळायचा म्हटलं तरी पाळता येत नाही, कारण खालचा गिअर टाकायला गिअर आहे कुठे? जुनी शिकवण निकामी झाली आणि तिच्या जागी नवी कुणी दिली नाही. मला या प्रश्नाचं मूळ बरंचसं इथे दिसतं.

प्रश्न केवढा मोठा आहे, हे देशपातळीवरच्या आकड्यांवरून कळतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवरची होती. त्याच वर्षी हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं मेली. त्यांत ३५,६९२ चालवणारी आणि १४,३३७ मागे बसलेली. पण घाटाबद्दल बोलायचं तर हा अहवाल फार पुढे नेत नाही. देशातले सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यांवर झाले, असं तो सांगतो. ते साहजिक आहे, बहुतेक रस्ते सरळच असतात. लायसन्स होतं की नव्हतं, पक्कं होतं की कच्चं, याचा तक्ता त्यात आहे. ते मिळून किती महिने झाले होते, याचा नाही. ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण म्हणून ‘अतिवेग’ लिहिलं आहे. मैदानी हायवेवरचा नव्वदचा वेग आणि घाटातल्या आंधळ्या वळणावरचा पंचेचाळीसचा वेग दोन्ही या एकाच शब्दात जातात, आणि नवख्या स्वाराला यांपैकी दुसरा जास्त घातक ठरू शकतो.

नेमकं काय चुकतं

मतांकडे वळण्याआधी अपघात कसा घडतो हे जवळून पाहिलं पाहिजे.

वळणात शिरतानाचा वेग ही पहिली गोष्ट. वळणात गाडी धरून ठेवायला टायरला लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. चाळीसऐवजी पन्नासने शिरलं तर ती दीडपटीहून जास्त लागते, आणि स्पीडोमीटरवर फरक दिसतो तो फक्त दहाचा. नवख्याला हे वळणाच्या मध्यावर उमगतं. तो घाबरून ब्रेक दाबतो. पण झुकलेल्या गाडीचं टायर आपली बरीचशी पकड आधीच वळणासाठी खर्च करत असतं. मग एकतर चाक सुटतं, नाहीतर गाडी उभी होऊ पाहते आणि बाहेर ओढली जाते. त्यात नजर दरीकडे किंवा समोरच्या ट्रककडे खिळली की हातही तिकडेच जातात. डाव्या वळणावर बाहेर जाणं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या पुढ्यात जाणं. उजव्या वळणावर बाहेर म्हणजे गटार, कठडा किंवा दरी.

उजव्या वळणात आणखी एक धोका आहे, जो सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. स्वार मधल्या रेषेच्या अगदी जवळून गेला तर चाकं आपल्या बाजूला असूनही झुकल्यामुळे त्याचं डोकं आणि खांदा रेषेपलीकडे असतो. समोरून एसटी किंवा कंटेनर आवळ वळण घेत असेल, तर त्याचं अंग नेमकं त्याच जागेत येतं. म्हणून जाणते स्वार वेग वळणाच्या आधीच मारतात, गिअर आधीच खाली घेतात, वळण उघडेपर्यंत आत कापत नाहीत आणि नजर रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे ठेवतात. ऐकायला सोपं आहे. पण मागून कुणी हॉर्न वाजवत असताना आणि पुढचा मित्र वळणाआड गेलेला असताना ते आठवणं अवघड.

दुसरी गोष्ट उतार, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना साधारण बाराशे मीटर उंची संपते. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २४० किलो धरली, तर या उतारात जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर माठातलं नऊ लिटर पाणी उकळीला येईल. वारा आणि टायर तिच्यातली काही खातात. गिअरच्या गाडीत मोठा वाटा इंजिन उचलतं. गिअर नसलेल्या स्कूटरचा थ्रॉटल पूर्ण सोडला आणि वेग बराच उतरला की तिचा क्लच आपोआप सुटतो, मग इंजिन चाकाला अडवत नाही. सगळी उष्णता ब्रेकवर येते. सतत दाबून धरलेला ड्रम तापतो, फुगतो, लाइनरची पकड जाते. डिस्क असेल तर ब्रेक ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ लागतो.

घाटाच्या पायथ्याच्या एका टपरीवर हे मी पाहिलं आहे. कॉलेजातला मुलगा बहिणीला घेऊन उतरला होता. मागच्या चाकाला जळक्या लाइनरचा वास येत होता आणि डावा लिव्हर दाबला की थेट ग्रिपला टेकत होता. तो पाण्याची बाटली ड्रमवर ओतायला निघाला, तेव्हा टपरीवाल्या मावशींनी हात धरला. “असू दे रे बाळा, आपोआप गार होईल. पाणी मारलंस तर तडकेल. अर्धा तास बस, चहा घे.” मुलाला वाटत होतं गाडीतच काही बिघाड आहे. ब्रेक तापतो, तो अधूनमधून सोडून दोन्ही आलटून पालटून लावायचा असतो, थ्रॉटल किंचित देऊन क्लच पकडीत ठेवता येतो, मध्ये थांबावं लागतं, यातलं काही त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवयही याच्याशीच जोडलेली आहे. बीएस-६ नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना थ्रॉटल सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल बहुतेक तुटतंच; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर इंजिनाचा अडसरही गेला. इलेक्ट्रिक स्कूटरचं गणित निराळं. तिची मोटर उतारावर ब्रेकसारखी काम करते आणि बॅटरी भरते. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती ऊर्जा घ्यायला जागा नसते आणि हा ब्रेक कमी लागतो किंवा लागत नाही. डोंगरावरच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून सकाळी घाट उतरणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

उरलेल्या गोष्टी पावसाळी आहेत आणि त्या बहुतेकांना ठाऊक आहेत : पहिल्या सरीत वर येणारा तेलाचा थर, दरडीची माती, सावलीतल्या कडेचं शेवाळ, ओल्या पांढऱ्या पट्ट्या, माळशेज आणि आंबोलीचं धुकं, पर्यटकांनी खायला घालून रस्त्यावर आणलेली माकडं, आणि धबधब्यासाठी वळणावरच लावलेल्या गाड्या.

नीट शिकवा

पहिली बाजू प्रशिक्षणाची. तिचा आधार जुना आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली; १९८१चा तो अहवाल आजही उद्धृत होतो. अपघातातले ९२ टक्के स्वार स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून शिकलेले होते, आणि अर्ध्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांचाही अनुभव नव्हता. आपल्याकडे आजही बहुतेक जण दुचाकी अशीच शिकतात. चारचाकीसाठी ड्रायव्हिंग स्कूल शोधणारं घर दुचाकीसाठी मोठ्या भावाला सांगतं.

ब्रिटनने १९९०पासून रस्त्यावर येण्याआधी सक्तीचं मूलभूत प्रशिक्षण आणलं आणि २००२पासून लेखी परीक्षेत धोका ओळखण्याची चाचणी जोडली. आपल्याकडे २०२१मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. उत्तराखंडात डोंगरी रस्त्यावर व्यावसायिक गाडी चालवणाऱ्याला लायसन्सवर वेगळी नोंद घ्यावी लागते. मग दुचाकीस्वाराला निदान घाटाचा एक धडा का नको, असा या बाजूचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे.

पण पुरावा गुंतागुंतीचा आहे. कॉक्रेन संस्थेने २०१०मध्ये मोटरसायकल प्रशिक्षणावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले आणि प्रशिक्षणाने अपघात कमी होतात असं ठामपणे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नव्याने लायसन्स मिळालेल्या सुमारे २,४०० स्वारांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना प्रत्यक्ष रस्त्यावर शिकवणीची जोड दिली. २०१६मध्ये आलेल्या निकालात अपघात घटल्याचं दिसलं नाही. त्याहून बोलकं उदाहरण नॉर्वेचं, जरी ते मोटारींचं असलं तरी. तिथे १९७९पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण सक्तीचं झालं, आणि नंतरच्या अभ्यासात तरुण पुरुषांचे निसरड्यावरचे अपघात वाढलेले आढळले. घसरती गाडी सावरता येते असं वाटू लागलं, की माणूस घसरण्याच्या वेगापर्यंत जातो.

प्रशिक्षकांचं यावर उत्तर असं की दोष शिकवण्यात नाही, काय शिकवलं त्यात आहे. गाडी झुकवणं, आपत्कालीन ब्रेक, आठचा आकडा ही हातांची कसरत झाली. वळण पाहून ते किती आवळ असेल याचा अंदाज, कडेला माती दिसली तर वर दरड असणार हा तर्क, स्वतःच्या मर्यादेचं भान, हे निराळं शिक्षण आहे आणि अभ्यासांत तपासलेल्या वर्गांत ते नेहमीच नव्हतं. मला हे म्हणणं पटतं, पण ते अजून आशेच्या पातळीवर आहे. अशा शिक्षणाने घाटातले अपघात कमी होतात हे दाखवणारा पक्का पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडे या जागी उभे आहेत ते बायकर गट. रविवारी पहाटे निघणाऱ्या चांगल्या गटांत पुढे एक अनुभवी स्वार, मागे एक सांभाळणारा, आणि नवखा पुढच्याच्या लगेच मागे, असा शिरस्ता असतो. त्यामुळे वेग नवख्याच्या कुवतीने ठरतो आणि त्याला वळणाची रेघ समोर दिसते. याच गटांची उलटी बाजूही तितकीच खरी आहे : शिस्त नसेल तर मागे पडलेला नवखा गाठायच्या घाईत आपल्या ताकदीबाहेर जातो. दोघांपैकी कोणता गट वाट्याला येईल, हे सध्या योगायोगावर आहे.

गाडी आणि अंगावरचं साहित्य

दुसरी बाजू म्हणते, माणूस चुकणारच. चूक झाली तरी तो वाचेल अशी व्यवस्था करा. इथे पुरावा जास्त भक्कम आहे. इटली, स्पेन आणि स्वीडनमधल्या अपघातांवरच्या २०१५च्या अभ्यासात एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या मोटरसायकलींचे इजा होणारे अपघात अनुक्रमे २४, २९ आणि ३४ टक्क्यांनी कमी दिसले. भारतात एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था पुरते. एबीएस सगळ्याच दुचाक्यांना लावण्याचा मसुदा केंद्राने २०२५मध्ये काढला. उत्पादकांचा आक्षेप किमतीवर आहे. सत्तर-ऐंशी हजारांच्या गाडीत काही हजारांची भर पडली तर गिऱ्हाईक जुन्या, सेकंडहँड गाडीकडे वळेल, हे त्यांचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही.

घाटाच्या दृष्टीने एबीएसची मर्यादा सांगायला हवी. साधं एबीएस सरळ रेषेतल्या ब्रेकसाठी आहे. झुकलेल्या गाडीत त्याचा आधार कमी होतो. झुकाव मोजून ब्रेक सांभाळणारी यंत्रणा २०१३पासून महागड्या मोटरसायकलींत आली, पण ताम्हिणीत दिसणाऱ्या बहुसंख्य गाड्यांत ती नाही. आणि एबीएस तापलेला ब्रेक गार करत नाही.

हेल्मेटवर शास्त्रात वाद उरलेला नाही. कॉक्रेनच्या २००८च्या आढाव्यानुसार हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. वाद आहे तो सक्तीवर. पुण्यात १ जानेवारी २०१९पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा शहरात मोठा विरोध झाला. शहरातल्या वेगात, उकाड्यात, जवळच्या अंतराला हेल्मेट जाचक आहे, हा विरोधकांचा मुद्दा होता. घाटाला त्यातलं एकही कारण लागू पडत नाही. तरी शहरात न लागलेली सवय घाटात अचानक लागत नाही, आणि मागे बसलेल्याच्या डोक्यावर तर ते क्वचितच असतं. जून २०२१पासून आयएसआय चिन्हाविना हेल्मेट विकणं बेकायदा आहे. रस्त्याकडेला अर्धवट टोप्या अजून विकल्या जातात.

रस्ता सुधारा

तिसरी बाजू अभियंत्यांची. डोंगरी रस्त्यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. वळणाची बाणपाटी, कॅट-आय, बहिर्वक्र आरसे, रम्बलर ही साधनं माहितीतली आहेत. दुचाकीच्या नजरेने पाहिलं तर त्यातली काही उलटतात. वळणाच्या तोंडावरचे जाड रंगाचे पट्टे चारचाकीला जागं करतात. ओल्यात झुकलेल्या दुचाकीला घसरवू शकतात. लोखंडी पट्टीचा कठडा मोटार अडवायला बनलेला आहे. घसरत आलेला माणूस तिच्याखालून जातो किंवा तिच्या खांबावर आदळतो. युरोपात काही देशांनी वळणांवर पट्टीच्या खाली दुसरी आडवी पट्टी लावायला सुरुवात केली ती यासाठीच.

या विषयातला मला सर्वांत आशादायक वाटणारा प्रयोग स्कॉटलंडचा आहे. तिथल्या डोंगराळ रस्त्यांवर २०२०पासून वळणांच्या आधी रस्त्यावरच खास खुणा काढल्या. ओळीने आलेल्या या चौकटींतून गाडी न्यायची, एवढंच स्वाराने करायचं. खुणा अशा मांडल्या की त्यांतून जाणारा आपोआप योग्य जागी आणि योग्य वेगाने वळणात शिरतो. चाचण्यांत स्वारांचा वेग आणि रस्त्यावरची जागा दोन्ही सुधारल्याचं आढळलं. तिथेही वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आखणी आपल्याला जवळची आहे. ऑस्ट्रियातही मधल्या रेषेपासून स्वाराला दूर ठेवणाऱ्या खुणा वापरल्या गेल्या. याचं महत्त्व असं की नवख्याला वर्गात बसावं लागत नाही. शिकवणी वळणावरच मिळते.

शंका दोन आहेत. सह्याद्रीच्या पावसात रंग किती टिकेल, आणि खड्डा चुकवायला डावी-उजवी करणारा स्वार खुणेतून जाईल का? खड्डे असलेल्या घाटात ही खूण निरर्थक ठरेल, हा अभियंत्यांचाच आक्षेप आहे आणि तो योग्य आहे.

मर्यादा घाला

चौथी बाजू निर्बंधांची. पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीला बंद करण्याचे आदेश निघतात. धबधब्यांच्या ठिकाणी जिल्हाधिकारी जमावबंदी लावतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. त्या मार्गावर २०१६पासून मृत्यू शून्यावर आणण्याची मोहीम चालली आणि तिची चर्चा देशभर झाली. पण दुचाकीवाला त्या हिशेबात नव्हता, तो जुन्या रस्त्याने खंडाळा चढत होता.

बंदीविरुद्धचा सर्वांत वजनदार आवाज घाटातल्या माणसांचा आहे. त्यांच्यासाठी घाट ही सहल नाही. भोरच्या बाजूचा दूधवाला, महाडच्या बाजूच्या वाडीतली आशा सेविका, वर शाळा आणि खाली घर असलेला मास्तर, यांची दुचाकी बंद केली तर त्यांना पर्याय उरत नाही. शिवाय ते सगळे अनुभवी स्वार असतात. धोका ज्याच्यामुळे आहे त्याला वगळून सगळ्यांना अडवणं अन्यायाचं होतं, ही त्यांची तक्रार कुणालाही नाकारता येणार नाही.

म्हणून दुसरा मार्ग सुचवला जातो : टप्प्याटप्प्याने परवाना. युरोपात २०१३पासून स्वाराला आधी कमी ताकदीची, मग ३५ किलोवॉटपर्यंतची आणि शेवटी कितीही ताकदीची मोटरसायकल चालवता येते. ऑस्ट्रेलियात शिकाऊंसाठी ६६० सीसी आणि वजनाच्या प्रमाणात ताकदीची मर्यादा आहे. भारतात गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं की शंभर सीसी आणि हजार सीसी दोन्ही सारखेच खुले. ही व्यवस्था उचलून आणावी, असं अनेकांना वाटतं.

मला ती जशीच्या तशी इथे उपयोगी पडेल असं वाटत नाही. घाटात पडणारा नवखा बहुतेक वेळा शंभर ते दीडशे सीसीच्या गाडीवर असतो; युरोपच्या पायऱ्यांत तो पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच बसतो. त्यापेक्षा मागे बसणाऱ्याचा नियम जास्त मोलाचा. कच्च्या लायसन्सवर आपल्याकडेही शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवता येत नाही. पक्कं मिळाल्याक्षणी ही अट संपते. ती आणखी सहा महिने किंवा वर्षभर, निदान घाटात, चालू ठेवावी या सूचनेचा विचार व्हायला हवा. साठ-सत्तर किलो जास्त म्हणजे ब्रेकवर जास्त ताण, झुकताना वेगळा तोल, आणि चुकलं तर दोन जीव. विरोधकांचा प्रश्न अंमलबजावणीचा : घाटाच्या नाक्यावर लायसन्सची तारीख कोण तपासणार?

गोव्याचं उदाहरण इथे जोडून पाहायला हवं. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची स्कूटर घेऊन किनाऱ्यावर फिरणारा पर्यटक चोर्ला किंवा अनमोड घाटाकडेही वळतो. गाडी देताना लायसन्स पाहतात, अनुभव विचारत नाहीत. अडवायचंच असेल तर अडवण्याची सोपी जागा इथे आहे, कारण गाडी देणारा माणूस समोर उभा असतो.

अजून न सुटलेलं

एका गोष्टीवर चारही बाजू सहमत होतील : अपघात झाल्यावर मदत उशिरा पोचते. दरीत पडलेल्याला वर काढायला लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स अशा स्वयंसेवकांची मंडळं दोर घेऊन उतरतात. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून आहे, मदत करणाऱ्याला पोलिसी त्रासापासून कायद्याने संरक्षण आहे, आणि २०२५च्या योजनेत जखमीला सात दिवसांत दीड लाखांपर्यंत रोखीविना उपचार मिळू शकतात. पण घाटाच्या मधल्या पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते आणि फोन लावण्यासाठीच कुणाला तरी खाली पळावं लागतं. आपत्कालीन फोनचे खांब लावायचे की रेंज वाढवायची, हे पैशाचं कोडं आहे, मतभेदाचं नाही.

उरलेल्या प्रश्नांत खरा अंधार आहे. धोका ओळखायला शिकवल्याने घाटातला नवखा वाचतो का? बिनगिअरच्या स्कूटरला लांब उतारासाठी वेगळा ब्रेक किंवा सूचनेचा दिवा हवा का? रस्त्यावरच्या खुणा कोकणाच्या पावसात टिकतात का? यांतलं प्रत्येक उत्तर काढता येण्यासारखं आहे, पण त्यासाठी आधी मोजलं पाहिजे, आणि आपली मोजणी घाटाच्या मध्यावर तुटते. ताम्हिणीचा वरचा भाग पुणे जिल्ह्यात आणि खालचा रायगडात. आंबेनळी सातारा आणि रायगडात. माळशेज ठाणे आणि पुण्यात. एकाच घाटातले अपघात दोन जिल्ह्यांच्या हिशेबात विभागले जातात आणि घाटाची म्हणून बेरीज होत नाही. ती करायची तर दोन्हीकडचे पोलीस, रस्ता सांभाळणारं खातं आणि १०८ यांना एकाच तक्त्यात लिहावं लागेल, आणि त्या तक्त्यात आज नसलेले तीन रकाने हवेत : लायसन्स मिळून किती महिने झाले, गाडी गिअरची की बिनगिअरची, आणि अपघात चढताना झाला की उतरताना.